मोटेपासून इंजिनापर्यंत : महाराष्ट्राच्या विहिरीवरील तेल-इंजिनाचा इतिहास

अंतर्ज्वलन इंजिनाचा इतिहास बहुधा मोटारगाडीच्या अंगाने सांगितला जातो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र हे यंत्र पुष्कळ गावांत बैलगाडीत घालून आणले गेले आणि विहिरीच्या काठावर सिमेंटच्या ओट्यात बोल्टांनी पक्के आवळून बसवले गेले. ज्या गावात स्वतःच्या मालकीची मोटार कोणाकडेच नव्हती, तिथेही विहिरीवर एक आणि पिठाच्या गिरणीत एक अशी दोन इंजिने असत. एका जागी उभ्या असलेल्या या यंत्राने पाणी, पीक, श्रम आणि गावातले परस्परसंबंध जितके बदलले, तितके धावत्या गाडीने फार पुढे बदलले. म्हणून या भागातल्या इंजिनाचा इतिहास विहिरीपासून सुरू करणे योग्य ठरते.

या यंत्राचा जन्म युरोपातल्या शहरांत झाला. वाफेच्या यंत्रात इंधन बाहेर भट्टीत जळते, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ दट्ट्या ढकलते. त्यासाठी बॉयलर लागतो, कोळशाचा साठा लागतो, बॉयलरवर सतत लक्ष ठेवणारा माणूस लागतो. छोट्या कारखानदाराला हा पसारा झेपत नसे. इंधन सिलिंडरच्या आतच जाळले तर बॉयलरची गरजच उरत नाही, या कल्पनेवर एत्येन लेन्वार याने १८६० साली पॅरिसमध्ये कोळशाच्या वायूवर चालणारे इंजिन केले. ते चाले, पण वायू फार खाई. १८७६ मध्ये निकोलाउस ओटो या जर्मन तंत्रज्ञाने चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले. दट्ट्या खाली येताना हवा आणि इंधन आत ओढले जाते, वर जाताना ते दाबले जाते, मग ते पेटून स्फोट होतो व दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो, आणि शेवटी जळका वायू बाहेर जातो. चार टप्प्यांपैकी काम फक्त एकाच टप्प्यात होते. उरलेले तीन टप्पे जड चाकाच्या गतीवर पार पडतात. जुन्या इंजिनांना ती भलीमोठी बिडाची चाके असत ती याचसाठी.

ओटोच्या इंजिनाला वायू लागे, आणि वायूचे नळ फक्त शहरांत होते. खेड्यासाठी इंजिन तेलावर चालणे भाग होते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० साली अशा इंजिनाचे पेटंट घेतले आणि ग्रँथमच्या हॉर्नस्बी कारखान्याने ते बाजारात आणले. त्याच्या सिलिंडरला जोडून एक लोखंडी गोळा असे. सुरू करण्यापूर्वी तो दिव्याच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवायचा आणि त्या तापलेल्या पृष्ठभागावर तेल सोडायचे. तापवायला वेळ लागे, पण एकदा सुरू झालेले इंजिन भरडे तेलही मुकाट्याने पचवी. याच दशकात रुडॉल्फ डीझेलने आणखी पुढची वाट धरली. नुसती हवाच इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि तिच्यात तेल शिंपडताच पेट घेईल, हे त्याचे तत्त्व. १८९७ मध्ये आउग्सबर्ग येथे त्याच्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे काम करून दाखवले. तेव्हाची वाफेची यंत्रे याच्या निम्म्यालाही क्वचितच पोहोचत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डीझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. डीझेलचे इंजिन लहान व्हायला मात्र आणखी पाव शतक गेले. जर्मनीत बॉश कंपनीने १९२७ मध्ये तेल फवारणाऱ्या पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, तेव्हा पाच-सात अश्वशक्तीचे, कोणालाही हाताळता येईल असे डीझेल इंजिन व्यवहारात आले.

दख्खनच्या शेतात त्या काळी पाणी उपसायचे साधन होते मोट. विहिरीच्या तोंडावर लाकडी चौकट, तिच्यात चाक, चाकावरून जाणारा जाड दोर म्हणजे नाडा, आणि नाड्याला बांधलेली कातड्याची मोठी पिशवी. पिशवीला खाली सोंड असे, सोंडेला पातळ दोर म्हणजे सोंदूर. बैलजोडी उतरत्या धावेवरून खाली जाऊ लागली की मोट भरून वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाला लागे. मग बैलांनी पाठमोरे चालत पुन्हा धाव चढायची. खाली उतरताना मोटकरी नाड्यावर बसून आपल्या वजनाचीही भर घाली. हे काम पहाटे सुरू होई आणि ऊन चढले की बैल सोडावे लागत. दुपार टळल्यावर पुन्हा जुंपायचे. मोटेवरची गाणी या लयीत रचली गेली आहेत.

विहिरीची योग्यता मोटांवर मोजली जाई. एका मोटेची, दोन मोटांची, चार मोटांची विहीर असे बोलले जाई. साताऱ्याजवळ लिंब गावी शाहू महाराजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली विहीर आजही ‘बारा मोटांची विहीर’ या नावानेच ओळखली जाते. मोटेमागे निदान एक बैलजोडी, बैलांमागे वैरण, आणि वैरणीसाठी पुन्हा जमीन, असे ते गणित होते. अवजड मोटेला दोन जोड्याही जुंपत. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल जाई तेव्हाच बैलही थकलेले असत. परिणामी बागायत थोडी राही. माळवे, थोडा गहू-हरभरा, जनावरांसाठी मका-कडवळ आणि ऐपत असेल तर बिघाभर ऊस. विहीर रात्रभर विश्रांती घेई आणि झऱ्यांनी पुन्हा भरे.

एक मोट दीडशे लिटरची आणि तासाला चाळीस-पन्नास फेऱ्या धरल्या, तर ताशी सहा-सात हजार लिटर पाणी निघते. बैल दिवसाला सात-आठ तास चालले तर पन्नास हजार लिटरांच्या आसपास. पाच अश्वशक्तीचे साधे इंजिन आणि त्याला जोडलेला पंप बेताच्या खोलीवरून हे सारे पाणी दोन तासांत बाहेर काढू शकतो, आणि पूर्ण भाराला ताशी लिटरभर तेल पितो. ते रात्री चालते, भर उन्हात चालते. इंजिनाने दख्खनच्या शेतीत जो फरक केला, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

पहिली इंजिने विलायती होती. हॉर्नस्बी, रस्टन, लिस्टर, पीटर, ब्लॅकस्टोन ही नावे खेड्यातल्या फिटरच्या तोंडी बसली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती मुख्यतः कापसाची सरकी काढण्याच्या कारखान्यांत, गिरण्यांत आणि संस्थानिकांच्या व मोठ्या बागायतदारांच्या मळ्यांवर दिसत. साध्या कुणब्याला ती परवडत नसत, आणि बिघडली तर दुरुस्त करणारा माणूसही जवळपास मिळत नसे. हा पेच सुटला तो देशी कारखानदारीमुळे, आणि त्या कारखानदारीची एक मोठी शाखा कृष्णाकाठी वाढली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. ते मुंबईला चित्रकला शिकायला गेले, तिथल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले आणि नंतर बेळगावात सायकलींचे दुकान चालवू लागले. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि त्याची किर्लोस्करवाडी झाली. नांगरापाठोपाठ चरक, रहाट, हातपंप आणि १९२० च्या दशकात यंत्रावर चालणारे पंप असा तिथल्या मालाचा क्रम आहे. शेतकऱ्याच्या गरजा जशा पुढे सरकत गेल्या, तसा हा क्रम सरकत गेला. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक काढले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण देणाऱ्या या मासिकाचे मूळ नांगरपंपांच्या जाहिरातीत आहे, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आणखी ठळकपणे नोंदली जायला हवी.

साताऱ्याकडेही असाच प्रयत्न चालू होता. धनजीशहा कूपर या पारशी उद्योजकांनी सातारा रोड येथे कारखाना उभारला. तिथेही प्रारंभ नांगरांपासूनच झाला आणि १९३० च्या दशकात डीझेल इंजिने होऊ लागली. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या हंगामी मंत्रिमंडळाचे काही महिने पंतप्रधान होते. दुसऱ्या महायुद्धात विलायती इंजिनांची आवक आटली, तर दुसरीकडे ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेमुळे विहिरी व पाणी उपसण्याच्या साधनांसाठी सरकारी तगाई मिळू लागली. मागणी होती आणि माल नव्हता. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये पदवी घेऊन आले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. देशात १९५०-५१ साली स्थिर डीझेल इंजिनांचे उत्पादन साडेपाच हजारांच्या आसपास होते, दहा वर्षांत ते चाळीस हजारांच्या पुढे गेले. किर्लोस्करांचे पाच अश्वशक्तीचे ‘एव्ही-१’ हे इंजिन इतके रुळले की अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत इंजिनाच्या चाचण्या शिकण्यासाठी अजूनही तेच बसवलेले आढळते.

विहिरीवर इंजिन बसवणे हे विकत घेण्याइतकेच कौशल्याचे काम होते. पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या आधाराने, त्यामुळे पाण्याची पातळी पंपाच्या खाली सात-आठ मीटरांहून जास्त असली तर तो कितीही ताकदीचा असो, पाणी चढत नाही. विहीर खोल असेल तर काठावरच्या इंजिनाचा उपयोग होत नसे. मग विहिरीच्या आतच, खडकात कोनाडा खोदून ओटा केला जाई आणि सुटे केलेले भाग दोरांनी उतरवून इंजिन तिथे जुळवले जाई. धुराडे वर काढावे लागे. ते नीट नसेल तर धूर विहिरीत कोंदे आणि आत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शके. पाणी आणखी खाली गेले की ओटाही आणखी खाली न्यावा लागे. इंजिनाच्या पायऱ्या अशा खडकात एकाखाली एक उतरत गेलेल्या जुन्या विहिरी आहेत, आणि भूजल कसे खालावत गेले याचा तो खोदीव पुरावा आहे.

सुरू करण्याचीही एक रीत होती. तरफ दाबून सिलिंडरचा दाब मोकळा ठेवायचा, हँडल मारून चाकांना वेग द्यायचा आणि नेमक्या क्षणी तरफ सोडायची. हँडल वेळेवर निसटले नाही तर मनगट मोडे. पंपात आधी पाणी भरून हवा काढावी लागे, तळाची झडप गळत असेल तर हे पुन्हा पुन्हा करावे लागे. हे सारे घरातली तरुण मुले चटकन शिकली. बैलांच्या स्वभावाचे पिढ्यांचे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्या वडीलधाऱ्यांचा पाण्यावरचा अधिकार त्यामुळे कमी झाला. शेतकरी कुटुंबातल्या या सत्तांतराकडे समाजशास्त्राने दिले त्याहून जास्त लक्ष द्यायला हवे होते.

पाणी वाढले तसे पीक बदलले, आणि बदलाच्या केंद्रस्थानी ऊस होता. कालव्याखाली ऊस आधीपासून होता. नीरेचा डावा कालवा १८८५ चा, भंडारदरा व भाटघरची धरणे १९२० च्या दशकातली. इंजिनामुळे कालव्यापासून दूरचा विहीरवाला आणि नदीकाठचा शेतकरीही उसाकडे वळू शकला. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो आणि त्याला ठरावीक दिवसांनी पाण्याची पाळी द्यावीच लागते. मोटेवर एवढी खात्री नव्हती. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठांवर इंजिने लागली आणि नळांतून पाणी चढावरच्या रानात गेले. हा खर्च एकट्याला न पेलणारा, म्हणून शेतकऱ्यांनी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. त्यानंतर राज्यभर कारखाने निघाले, त्यांच्या उसाच्या क्षेत्राचा पाया कालव्यांइतकाच या उपशावर उभा होता. गुऱ्हाळांतही हाच बदल झाला. बैलांनी गोल फिरवायच्या चरकाला पट्टा लावून इंजिन जोडले, आणि दिवसभराच्या गाळपाला काही तास पुरू लागले.

या लाभाची वाटणी सारखी झाली नाही. मोटेची विहीर अनेकदा भाऊबंदांच्या सामायिक मालकीची असे आणि पाळीपाळीने चाले. बैल थकत असल्यामुळे प्रत्येकाच्या उपशाला आपोआप मर्यादा होती. इंजिन घेणाऱ्या एकाच भावाने आपल्या पाळीत विहीर कोरडी केली, तर दुसऱ्याच्या पाळीला पाणी उरत नसे. सामायिक विहिरींचे पुष्कळ वाद कोर्टात गेले. भूविकास बँकेचे कर्ज जमीन तारण ठेवून मिळे, म्हणजे ज्याला पुरेशी जमीन त्यालाच कर्ज, आणि ज्याला कर्ज त्यालाच पाणी. भूमिहीनाच्या वाट्याला बागायतीतली वाढलेली मजुरी आली. ती खरी होती आणि तिच्यावर पुष्कळ घरे चालली, पण पाण्यावरचा हक्क तिच्याबरोबर आला नाही.

ज्यांचे काम गेले त्यांचा हिशेब फारसा कोणी ठेवला नाही. मोट कातड्याची. ढोरांनी कातडे कमवायचे, चांभारांनी मोट शिवायची आणि फाटली की सांधायची, त्याबद्दल बलुते म्हणून धान्य मिळे. पत्र्याच्या मोटा आल्या तेव्हाच या कामाला ओहोटी लागली होती, इंजिनाने ते संपवले. सुताराचे चाक-कणे गेले, दोर वळणाऱ्या मांगांचे नाडे-सोंदूर गेले. बलुतेदारी मोडायची अनेक कारणे सांगितली जातात, त्यांत कायदा, शहराची ओढ आणि आंबेडकरी चळवळीने दिलेली स्वाभिमानाची जाणीव ही मोठी आहेत. विहिरीवरचे इंजिन हेही त्या कारणांपैकी एक होते. अपमानास्पद वतनदारी कामातून काही जातींची सुटका झाली हे चांगलेच झाले. बदल्यात त्यांच्या हाती दुसरे साधन मात्र कोणी दिले नाही, म्हणून त्यांतले अनेक जण मुंबई-पुण्याच्या वाटेला लागले.

स्त्रियांच्या दिवसात इंजिनाने केलेला बदल पिठाच्या गिरणीतून आला, आणि या साऱ्या इतिहासातला निःसंशय कल्याणकारी भाग हाच आहे. घरच्या भाकरीचे पीठ रोज पहाटे जात्यावर दळले जाई. दोघी समोरासमोर बसून खुंटा धरत, आणि मोठ्या कुटुंबात हे काम दोन-तीन तासांचे असे. बाळंतीण असो की म्हातारी, त्यातून सुटका नसे. गावात दहा-बारा अश्वशक्तीचे इंजिन बसवून कोणी गिरणी घातली की डोक्यावर दळणाचा डबा घेऊन रांगेत उभे राहायचे, पायलीमागे ठरलेले पैसे द्यायचे आणि पीठ घेऊन घरी यायचे. इंजिनाचा ठोका दूरच्या वस्तीपर्यंत ऐकू जाई, त्यावरून गिरणी सुरू झाल्याचे कळे. गिरणीच्या पिठाला चव नाही, दळलेले पीठ जळते, बाया आळशी होतात, अशा तक्रारी पुरुषांनी आणि सासवांनी पुष्कळ केल्या. ज्यांच्या हाताला घट्टे पडत होते त्यांनी गिरणी स्वीकारली.

जात्याबरोबर ओवी मागे पडली, ही हानी खरी आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्यातल्या व इतर खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. बायकांनी आपल्या आयुष्याविषयी काय म्हटले होते, ते त्यामुळे वाचले. पण ती गाणी ज्या श्रमातून उमटली तो श्रम परत यावा असे गाणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी म्हणेल. ओवीवर प्रेम करणाऱ्या शहरी रसिकांनी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

इंजिनाने एक नवा कारागीर वर्गही निर्माण केला. कोल्हापुरात उसाचे चरक आणि शेतावरची इंजिने दुरुस्त करता करता मिस्त्री स्वतः सुटे भाग घडवू लागले, मग ओतशाळा निघाल्या आणि सबंध इंजिनेही होऊ लागली. तिथल्या उद्यमनगराच्या वाढीशी वाय. पी. पोवार आणि म्हादबा मेस्त्री यांची नावे निगडित आहेत. यांतल्या बहुतेक कारागिरांचे औपचारिक शिक्षण थोडे होते. भाग हातात घेऊन, मोजून, साचा करून ओतायचा, ही त्यांची पद्धत. शेतावर विजेच्या मोटारी आल्यावर इंजिनांची मागणी घटली, तेव्हा याच ओतशाळांनी मोटारगाड्यांचे सुटे भाग करायला घेतले. आज कोल्हापूर देशातल्या प्रमुख ओतकाम केंद्रांपैकी एक आहे. गुजरातेत राजकोटला लिस्टरच्या नमुन्यावर इंजिने करणाऱ्या छोट्या कारखान्यांचे असेच जाळे वाढले आणि तिथली स्वस्त इंजिने महाराष्ट्रातही खपली. विहिरीवरच्यासारखेच इंजिन जत्रेत दिव्यांना वीज देई, तंबूतल्या सिनेमाचे यंत्र चालवी. वीज पोहोचण्याआधी कित्येक गावांनी पहिला चित्रपट तेल-इंजिनाच्या जोरावर पाहिला.

रस्त्यावरच्या इंजिनाचा परिणाम स्वातंत्र्याच्या सुमारास खेड्यापर्यंत पोहोचला. खासगी सर्व्हिस मोटारी आधीपासून होत्या, युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा त्यांतल्या काही कोळशाच्या वायूवर धावत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस निघाली आणि एसटी गावोगाव गेली. तालुक्याची शाळा, दवाखाना, बाजार आणि कचेरी एका दिवसात गाठून परतणे त्यानंतर शक्य झाले.

समुद्रावर इंजिनाचे परिणाम अधिक संघर्षाचे झाले. कोकणात १९५० च्या दशकापासून शिडाच्या होड्यांना इंजिने बसू लागली. सातपाटीसारख्या बंदरात मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी ही उडी एकत्रितपणे घेतली, त्यामुळे तिथे लाभ बराचसा मच्छीमारांकडेच राहिला. गोव्यात १९७० च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी खरवडू लागले, आणि किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या रापणकारांची जाळी रिकामी निघू लागली. माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. त्यातून १९८० च्या कायद्याने किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मासेमारीसाठी राखला गेला. त्याची अंमलबजावणी कच्ची राहिली, तरी इंजिनाची ताकद कुठे थांबवायची हा प्रश्न कायद्याने विचारला, हे महत्त्वाचे.

विहिरींवर हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेड्यांत वीज जाऊ लागली. १९७३ च्या जागतिक तेलसंकटाने तेल महागले, तसा शेतकरी विजेच्या मोटारीकडे वेगाने वळला. मोटारीला हँडल नाही, धूर नाही आणि शेतीपंपाला विजेचा दर सवलतीचा. इंजिन मागे पडले, भारनियमनाच्या दिवसांत तेवढे पुन्हा बाहेर काढले जाऊ लागले. पण उपशाची जी सवय इंजिनाने लावली होती ती मोटारीने दुप्पट केली. १९७२ च्या दुष्काळात विहिरी सुरुंग लावून खोल केल्या गेल्या, पुढे कूपनलिका आल्या, आणि पाण्यात बुडवून ठेवायच्या पंपांमुळे सात-आठ मीटरांची जुनी अटही उरली नाही. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते, त्याचा साठा मोठा नसतो. ज्या वेगाने ते उपसले गेले त्या वेगाने ते भरणे शक्यच नव्हते.

पर्याय कोणी मांडले नाहीत असे नाही. दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि उसाला पाणी द्यायचे नाही, हे तिचे नियम. इंजिनाने जी विषमता आणली तिच्यावर महाराष्ट्रात दिलेले सर्वांत नेमके उत्तर हेच होते. ते काही गावांपुरते राहिले, कारण उसाचे अर्थकारण आणि राजकारण त्याच्या विरुद्ध होते. सरकारने १९९३ मध्ये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीविना नवी विहीर खोदण्यास बंदी घातली. २००९ च्या भूजल अधिनियमाने शेती व उद्योगांसाठी ६० मीटरांपेक्षा खोल विहिरी खोदण्याला मनाई केली. प्रत्यक्षात कूपनलिका याहून कितीतरी खोल जात आहेत.

आता शेतात सौर पंप येत आहेत आणि सरकार त्यांना मोठे अनुदान देत आहे. तेलाचा खर्च नाही, विजेचे बिल नाही, रात्री-अपरात्री पाणी धरायला जाणे नाही. शेतकऱ्यासाठी हे सुख मोलाचे आहे आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. मात्र मोटेला बैलाच्या दमाची मर्यादा होती, इंजिनाला तेलाच्या किमतीची होती. सौर पंपाला ऊन असेतोवर खर्चाची कोणतीच मर्यादा नाही, त्यामुळे ती आता गावाने आणि कायद्याने घालावी लागेल. ग्रामसभांनी पावसाळा संपताच आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, तरच हे पंप चालवायला विहिरींत पाणी राहील.